कोरी बाजू

सोळा अंश.
एवढ्यावर काटा ठेवून आम्ही अकरा हिवाळे काढले,
ग्लेस बेमध्ये, जिथे समुद्राचा वारा
उसनं मागायला आल्यासारखा
रोज खिडकीच्या फटीतून आत डोकावतो.
लॉक्लिननं फटींत जुने मोजे कोंबले.
मी म्हटलं, निदान जोडीनं तरी कोंब.
तो म्हणाला, जोडी शिल्लक असती तर घातली नसती?

कर्ज पंचवीस वर्षांचं.
बँकेतल्या मुलीनं कागद फिरवून दाखवला:
हे मुद्दल, हे व्याज.
व्याजाचा रकाना असा लठ्ठ
की मुद्दल त्याच्या मांडीवर बसलेलं पोर वाटावं.
परतताना बसमध्ये आम्ही बोललो नाही.
घरी आल्यावर त्यानं टीव्हीची वायर गुंडाळली
आणि मी कॉफीच्या डब्यावर तारीख टाकली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आम्ही गुडघे पोटाशी घेऊन झोपायला शिकलो
आणि उरलेलं अंथरूण बँकेला देऊन टाकलं.

मोजायचं राहिलं नाही असं काही राहिलं नाही.
पावाचे काप. आंघोळीची मिनिटं.
साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून
तीन रंगांची, तीन वासांची एक वडी.
एफीचे केस मीच कापायची, स्वयंपाकघरात,
हॉस्पिटलच्या लाँड्रीतून आल्यावर, दमलेल्या हातांनी;
शाळेच्या दर फोटोत तिची झुलपं एका बाजूला वर,
काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी.

पोटाला चिमटा, असं नुसतं म्हणायचं.
पोट भरत होतं. बटाटे होते, खारवलेला कॉड होता,
शेजारच्या मॅकिननबाई गाजरं आणून द्यायच्या.
चिमटा बसायचा भलतीकडेच.
बॉस्टनहून बहिणीचा फोन आला, "येऊन जा ना एकदा,"
की माझं "बघू" इतकं पटकन तोंडातून निघायचं
की पुढेपुढे तिनं विचारणंच सोडलं.
ती गेली त्या फेब्रुवारीत
तिकिटाचे पैसे काढले. लगेच काढले.
वहीच्या त्या पानावर लॉक्लिननं रक्कम लिहिली,
कशासाठी, ते लिहिलं नाही.

भांडलो एकदाच, तेही संत्र्यांवरून.
त्यानं जाळी उचलली, मी भाव बघून परत ठेवली,
त्यानं पुन्हा उचलली, मी पुन्हा ठेवली.
एफी मध्ये उभी, बुटांकडे बघत.
मागे रांग.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, घेताय की नाही?

या ऑक्टोबरात शेवटचा हप्ता गेला.
इकडे रीत आहे: कर्ज फिटलं की कागद जाळायचा,
चार लोकांना बोलावून.
मॅकिननबाई केक घेऊन आल्या, त्यांचा पुतण्या फिडल घेऊन,
एफी हॅलिफॅक्सहून, दुकानात कापलेल्या केसांनी.
मी तव्यावर जागा केली. लॉक्लिननं काडी ओढली,
दुसऱ्या हातात कागद,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो उलटा करून बघितला.
"मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला.
सगळे हसले.
तो हसत नव्हता.
काडी जळत जळत बोटांपर्यंत आली.
मग आम्ही पाकीट जाळलं. तेही बरं पेटलं.

सकाळी कागद फ्रिजवर, चुंबकाखाली.
त्याच्या तिरक्या अक्षरात: दूध. पीठ. बल्ब, एक.
मी खाली लिहिलं, संत्री.
थोड्या वेळानं तो आला, चष्मा वर करून वाचलं.
आकडा घालायला पेन्सिल टेकवली,
टेकवून ठेवली जरा वेळ,
आणि कानामागे खोचून
कोट शोधायला गेला.