घट

विट्यात, मायणी रस्त्याला माझं दुकान:
झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड, लग्नपत्रिका,
आणि पाटीवर न मावलेलं बरंच काही.
त्या बरंच काहीसाठी आनंदा मुळीक आले
मार्चातल्या एका दुपारी, लेंगऱ्याहून,
बटणांचा फोन रुमालात गुंडाळून.

थोरल्या भावाचं वर्षश्राद्ध.
फोटो त्रेचाळीस, पुतण्यानं आधीच ओळीनं लावलेले:
कोइमतूरच्या गलाईच्या दुकानात भाऊ,
मुशीसमोर भाऊ, हातात चिमटा,
शटरवर तमिळ अक्षरं, खाली उकिडवा भाऊ.
एकतीस वर्षं,
आणि निम्म्या फोटोंत ॲसिडनं चाळण झालेला
एकच बनियन.

फोनमध्ये एक मिनिट बारा सेकंद
माउथ ऑर्गन.
"रातचा माळ्यावर वाजवायचा.
कुठलं गाणं न्हाई.
नुसतं आपलं वाजवायचा."

फाईल निघाली एएमआर.
पॉवरपॉइंटनं चौकोन उघडून सांगितलं, जमणार नाही.
मी एमपीथ्री केली. माझ्याकडे वाजली,
पुतण्याच्या लॅपटॉपवर मुकी.
त्याचं पॉवरपॉइंट दोन हजार सातचं;
ते एमपीथ्रीचा नुसता पत्ता लिहून ठेवतं,
पाहुण्याला घरात घेत नाही.
मग वेव्ह केली. वेव्ह ते पोटात घेतं.

मुळीक खुर्ची ओढून इतके पुढे सरकले
की स्क्रीनवर त्यांचा श्वास उमटला.
"आधी वजन किती हुतं?"
एकशे दहा केबी.
"आन् आता?"
सहा एमबी.
हिशेब कपाळावर दिसला.
"पन्नासपटीच्या वर गेलं. ताई, काय मिसळलं?"

काही नाही, म्हटलं. जागा वाढली, आवाज तेवढाच.
त्या रात्री फोननं जे टिपलंच नाही
ते आता कुठल्याच कन्व्हर्टरनं यायचं नाही.

"वजन वाढलं, कस वाढला न्हाई.
आमच्यात असल्याला पोलीस धरत्यात."
आणि हसले. मग बराच वेळ हसले नाहीत.

सांगत राहिले, की गलाईवाला काही टाकत नाही.
सराफाच्या दुकानातला केर विकत घेतो,
पायपुसणी जाळतो,
हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतो,
फुटक्या मुशी कुटून, चाळून, पुन्हा भट्टीला लावतो.
रवाभर का होईना, सापडतं.
"फोननं जे टाकलं,
त्याचा केर कुठं पडत आसंल?"

बीसीएला असताना हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी उठून प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले.
तो भरलेलाच होता.

फोटोला पाच सेकंद.
त्रेचाळीस पंचे दोनशे पंधरा.
बहात्तर त्रिक दोनशे सोळा.
मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत त्यांचं तोंडी झालं होतं.
"तीनदा जोडा. एक सेकंद उरतुय."
कापते, म्हटलं. फोटो संपून पडदा काळा होईल,
त्यावर उगाच आवाज.
"नगं. जलमभर वहीत घटच लिवली.
एवढं वर ऱ्हाऊ दे."

ऐंशी रुपये झाले.
शंभर दिले, वीस मोजून परत घेतले,
पेनड्राइव्ह त्याच रुमालात.

कार्यक्रमाला मी गेले नाही.
आठ-दहा दिवसांनी कोइमतूरहून फोन,
मागे कसलीतरी घरघर, ब्लोअर असेल.
"झालं झकास. मंडळी उठाय लागली हुती,
चपला हुडकाय लागली, पडदा काळा,
आन् तेवढ्यात"

पुढे रेंज गेली, की ते थांबले.
मी हॅलो म्हटलं नाही.
थांबले,
तेवढंच.