क्षेत्रकार्य, शनिवार

वहीत सहा रकाने आखलेत:
तारीख, तास, उद्दिष्ट, काय केलं, काय दिसलं,
आणि सगळ्यात अरुंद, कडेचा – काय शिकलात.
हिरेमठ मॅडम म्हणतात, आधी विश्वास, मग प्रश्न.
परीक्षेत याला आठ गुण असतात.

खानापुरात कौलांच्या भट्टीमागं
पाळी सुटली की पोरं कॅरम मांडतात.
पावडर परवडत नाही, भट्टीची राख चालते.
मी बेळगावहून येते, काखेत तक्त्यांची गुंडाळी:
व्यसन, आरोग्य, करिअरच्या वाटा.
तक्ता टांगायला खिळा नव्हता.
भरमू म्हणाला, "धर की तूच हातात."
तासभर धरला.
राणी गेली, सगळे तिकडं बघत होते.

तिसऱ्या शनिवारी त्यानं विचारलं,
"तू कवापतूर हाईस?"
मार्चपर्यंत, म्हटलं.
बोटाखाली स्ट्रायकर नुसता फिरवत राहिला.
"तुझ्याआधी चौघं येऊन गेली.
एकानं फुटबॉल दिला, त्यातली हवा गेली.
एक बाई रडायची.
समद्यांनी इचारलं, मोठा झाल्यावर काय व्हणार.
झालो की मोठा.
आता कोण इचारंना."
यल्लाप्पा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला,
सगळे हसले,
अर्थ कुणी सांगितला नाही.
मी वहीत लिहिलं: गटाचा प्रतिसाद – संमिश्र.

मग एकदा शेवटची बस आलीच नाही.
स्टँडवर मी, एक शेंगावाला
आणि विझत-पेटत राहणारी ट्यूब.
भरमू सायकलवरून आला, मागच्या कॅरिअरवर यल्लाप्पा.
कुणी कळवलं, कोण जाणे.
दोघांनी भट्टीचा टेम्पो अडवला,
ड्रायव्हरला अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये दम भरला,
सोबतीला यल्लाप्पाची थोरली बहीण बसवली,
मल्लव्वा, ओच्यात चुरमुरे बांधून.
"पोचलीस की फोन कर.
फोन मालकाचा हाय. पण कर."

अहवालात लिहिलं जसंच्या तसं.
मॅडमनी लाल शाईत शेरा दिला:
उद्दिष्ट व्यसनमुक्तीचं होतं.
युवकांनी तुमच्यासाठी काय केलं
याला या नमुन्यात जागा नाही, वेगळ्या कागदावर जोडा.

जोडते आहे.
मार्चला अजून पाच शनिवार आहेत.
टेम्पोत, मागं कौलं खडखडत असताना,
मल्लव्वाला विचारलं होतं
त्या दिवशी तुझा भाऊ काय म्हणाला.
तिला आठवायला देसूर आलं.
"त्ये व्हय? म्हणत हुता,
बाईच्या ओढणीला राख लागलीया,
सांगा की रे कुणीतरी."