शिवणावळ

दुपारी तीनला लाल गाडी दुकानापुढं थांबली
आणि शेजारचा पंक्चरवाला पान थुंकायचं विसरला.
दोनच दारं, जमिनीला टेकायला आलेलं पोट.
मिरज रोडचे स्पीडब्रेकर तिरके घेत घेत
सन्मती मगदूम ती घेऊन आला होता.
हळदीची पेढी, मार्केट यार्डात, आजोबांपासूनची.

मी आत वाकलो.
तपकिरी कातडं, लोण्यासारखं,
पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण,
इंचाला सहा टाके, एक चुकलेला नाही.
म्हटलं, शेठ, हे झाकायचं?
लोक हे दाखवायला गाडी घेतात.
ऊन लागतं, जीन्सचा रंग उतरतो, पोरं चॉकलेट सांडतात,
बावीस वर्षं हीच कारणं ऐकत आलोय.
तो म्हणाला, तसलं काय नाय.
आई बसंना झालीय.
गाडी आणली त्या दिवशी ओवाळलं, दार उघडलं,
वास आला तशी दोन पावलं मागं सरली.
म्हणाली, कुणाच्या पाठीवर बसू मी?

म्हणजे हे कव्हर कातड्याला जपायला नव्हतं.
कातड्यापासून कुणाला तरी जपायचं होतं.

मी काही बोललो नाही. टेप काढली.

माझे अप्पा कातडं कमवायचे.
चुन्याचा हौद, बाभळीची साल, हिरडा,
कोपरापर्यंत लाल हात.
जन्मभर कमावलं, आणि कमाई
एक सायकल, आणि तो वास.
शाळेत माझ्या शेजारची जागा
न झाकताही कोरीच राहायची.

हळदी रंग नको, सन्मती म्हणाला होता,
दिवसभर तोच बघतोय.
राखाडी सुती कापड घेतलं, जाडसर.
असल्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते.
तिथं शिवण कच्ची घालायची,
वेळ आली तर फुटावी म्हणून.
नव्या पोराला हे पटायला महिना लागतो:
सगळीकडं टिकायला शीव,
इथं उसवायला.

रात्री शटर अर्धं ओढलं.
कव्हर चढवायच्या आधी मी एकदा बसलो,
नुसत्या कातड्यावर, चपला बाहेर काढून.
नाक लावलं. अत्तरासारखं काहीतरी.
अप्पांचं कातडं असं गप्प नसायचं,
ढगाळ हवेत गल्लीभर बोलायचं.
हे कुठल्या मुलखातलं जनावर,
कुणी कमावलं, त्याचे हात कोपरापर्यंत कुठल्या रंगाचे,
गाडीच्या पुस्तकात पानं चारशे,
त्यात हे नव्हतं.
बहुतेक मीच शेवटचा बसणारा.
मग हुक अडकवले, इलॅस्टिक ताणलं,
सुरकुत्या तळहातानं बाहेर काढल्या.

सकाळी चंपाक्का आल्या.
आधी सीटवरून हात फिरवला,
फटीत बोट घातलं,
मागून वाकून पाहिलं, खालूनही.
मग मला विचारलं,
आतलं कुठं शिवत नाही न्हवं?
म्हटलं, सगळं शिवलंय अक्का.
शिवत काहीच नाही.
त्या हसल्या. मीही हसलो.
दोघं एकाच शब्दाला हसलो का, कोण जाणे.

पदर सावरून त्या बसल्या.
सीट इतकी खोल की गुडघे छातीशी आले.
अगं बाई, म्हणाल्या, ही गाडी हाय का पाळणा?
स्टिअरिंग कातड्याचं होतं, गिअरची मूठही.
लेकाचे दोन्ही हात तिथंच.
अक्का समोर काचेतून रस्ता बघत राहिल्या.

बिलावर लिहिलं: कापड, फोम, हुक, इलॅस्टिक,
आणि शेवटी, दोन सीटांची शिवणावळ.
सन्मतीनं न बघता पाकीट काढलं.
थांब रे, आतून आवाज आला,
शिवणावळ जास्त लावलीय.

मी चष्मा लावला, बेरीज पुन्हा केली.
बरोबर होती.