पाण्यात पाहणे

टॉर्च समोरून मारू नकोस, जोव्हेलिन.
त्याचा डोळा दिपतो, आणि तुला दिसतो नुसता उजेड.
बाजूने धर. तिरपी.
उतरतं ऊन भिंतीवरचा एकेक ओरखडा उघडा पाडतं ना,
तशी.

आता ह्या निळ्याची पाठ बघ.
रव्याचे कण दिसले तर ते पांढरे ठिपके.
मोजता येतात तोवर मासा हातात आहे.
पण मोजता न येणारी पिठी,
वस्त्रगाळ, किंचित सोनेरी,
कुणी फुंकर मारून अंगावर उडवल्यासारखी,
दिसली तर धावत ये. मी जेवत असले तरी ये.
सकाळी तो टबाच्या तळाशी असेल
आणि त्याच्या शेजारचे नऊ.

कल्ले मोज. घड्याळ लावून एक मिनिट.
सत्तर, ऐंशी, ठीक.
सव्वाशे म्हणजे धाप.
माशाला धाप लागते हे माझ्या नवऱ्याला कधी पटलं नाही.
पाण्यातच तर आहे, म्हणायचा, कसली धाप?
स्वतः कॉम्प्रेसरची नळी दातांत धरून
चाळीस मीटर खाली जायचा.
एके दिवशी वर आला.
पाय आले नाहीत.

असो. पंख बघ.
मिटलेले, ओल्या छत्रीसारखे अंगाला चिकटलेले, याला बरं नाही.
दगडाला अंग घासून पळाला, एकदा चालेल,
खाज कुणाला सुटत नाही?
तिसऱ्यांदा घासला की वेगळा काढ.
विदूषक मासा तोंड वर करून पृष्ठभागाशी घुटमळतोय,
अंगावर शेंबडासारखा थर,
तोही काढ, आणि हात धू, जाळीही धू, मग दुसऱ्या टबाला हात लाव.
पोट आत गेलेला, पाठ सुरीसारखी निघालेला,
तो खात नाही,
किंवा त्याचं खाल्लेलं आत दुसरंच कुणी खातंय.

पंखाच्या टोकाला फ्लॉवरचा तुरा फुटला तर मात्र घाबरू नकोस.
भयंकर दिसतो, आपसूक गळतो.
कुरूप वेगळं, आजारी वेगळं.
अठरा वर्षांत ह्या पत्र्याखाली
मला खात्रीने कळलेलं एवढंच.

आता तो कोपऱ्यातला टब.
काल संध्याकाळचा. त्यावर होडीचं नाव आहे,
ते तू आल्याआल्या वाचलंयस,
म्हणून तिकडे टॉर्च नेत नाहीयेस.
ने.

एक ठिपका नाही. पंख ताठ. कल्ले निवांत.
रंग तर असे, की आत्ताच रंगवून वाळत घातलेत.
टाकलेलं सगळं खातात.
हे जास्तच सुंदर आहेत, पोरी.
जाळ्यातून आलेल्याचं एखादं खवल तरी गेलेलं असतं,
शेपटीला कुठेतरी दोरा घासलेला असतो.
ह्यांना जाळं लागलेलंच नाही.
प्रवाळाच्या फटीत बाटलीतलं दुधट पाणी पिचकारलं
की झिंगत झिंगत आपणच बाहेर येतात.
तीन आठवड्यांनी, कुठल्याशा थंड शहरात,
एखादं पोर झोपेतून उठून काचेपाशी जाईल
आणि आई त्याला म्हणेल,
तूच जास्त खायला घातलंस.

तुझा बाप वाईट नाही.
डिझेल, तांदूळ, जाळं टाकण्यात जाणारा दिवस,
हा हिशेब मला पाठ आहे.
माझ्याही घरी ती बाटली होती,
शिडीखाली, पिठामिठापासून लांब ठेवलेली.
मासे तपासायला मी नंतर लागले.

गावात म्हणतात, ही बाई सगळ्यांना पाण्यात पाहते.
पाहते.
पगारच त्याचा मिळतो.

सहाला माक्तानची बोट.
वहीत दोन रकाने आहेत, पेन दोऱ्याला बांधलंय.
दमट हवेने चष्मा धूसर झालाय माझा,
मी तो पुसत बसते जरा.
तुझ्या हाताकडे बघत नाही.