अदलाबदलीचा आकडा

रावेरच्या वर, सुकीच्या काठाने,
सातपुड्याने पायथ्याला लोटून दिलेल्या गोट्यांच्या पट्ट्यात
मी सतरा मीटर जमीन चौकोनांत कापली आहे.
पाच सेंटिमीटरचा एक चौकोन.
तीनशे चाळीस चौकोन, एकावर एक,
ट्रकमध्ये चढवायच्या केळीच्या खोक्यांसारखे,
आणि प्रत्येकावर लिहिलेलं: ओल किती, हवा किती.

पाण्याने भरलेला खडक सरळ स्वभावाचा.
दाब दिला की वाहतो.
अर्धा कोरडा खडक आधी धरून ठेवतो,
जितका कोरडा तितका घट्ट,
आणि सोडायला लागला की असा सोडतो
की आलेखाची रेघ कड्यावरून पडते
आणि संगणक अडतो.
लाल अक्षरं: उत्तर जुळत नाही.
मग मी काळाचं पाऊल लहान करते.
एक तास. दहा मिनिटं. चाळीस सेकंद.
चाळीस चाळीस सेकंदांनी
गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा चालवायचा,
लॅपटॉप उशीवर तापलेला,
आणि लोडशेडिंगच्या आत संपवायचा.

हा प्रोग्राम चुनखडीच्या देशात लिहिलेला.
तिथे पाणी दगड खातं, गुहा करतं.
आमच्याकडे काळा दगड, गोटे, वाळू, पिवळी माती,
मधेच लाह्यांसारखे फुटलेले पांढरे चुनखडे.
मी तिकडचे आकडे पुसले, इकडचे भरले.
एखादा पुसायचा राहिलाही असेल.

मॉडेल म्हणालं, एकेचाळीस दिवस.
नाल्याच्या खड्ड्यात ओतलेला रंग
भंगाळ्यांच्या विहिरीत उतरायला एकेचाळीस दिवस.

दलशेर तडवी म्हणाला, तिसऱ्या रातीले.

तो आडवी बोअरं मारतो.
विहिरीच्या पोटात दोरावर बसून
बाजूच्या भिंतीत छिद्रं पाडत
त्याची तीस वर्षं गेली.
एका भेगेत त्याने माझा हात घालायला लावला.
आतून वारा येत होता.
बारीक, गार, थोडा मातकट.
माझ्या तीनशे चाळीस चौकोनांत
हवेला नुसती जागा होती,
ती कुठे जात नव्हती, कुठून येत नव्हती.

तिसऱ्या रात्री दोन वाजता
टॉर्चच्या उजेडात विहीर पोपटी झाली.
भेगेतून एक हिरवी दोरी सुटून
काळ्या पाण्यात उलगडत होती.
तो वर बघून हसला नाही.
"दोर वढा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर मी एकाच खडकात दोन खडक लिहिले.
एक भेगांचा, धावणारा.
एक गाळाचा, मुरवत बसणारा.
दोन पाणी, एकाच जागी,
आणि त्यांच्यात अदलाबदलीचा एक आकडा:
जाता जाता धावणारं पाणी
बसलेल्याला किती देतं.

"हा आकडा कुठे मोजतात?" दलशेरने विचारलं.
मोजता येत नाही, मी म्हटलं. उत्तर जुळेपर्यंत फिरवायचा.
तो बराच वेळ ड्रिलचं पातं पुसत राहिला.
"मंग जुळलं तं काय समजायचं?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही पुरतं आलेलं नाही.
पण मी बाटल्या भरणं थांबवलं नाही.
दहाव्या दिवशी रंग गेला. विसाव्याला साधं पाणी.
भंगाळ्यांच्या सुनेने मोटार लावली,
केळीला पाणी गेलं, कोणी काही म्हणालं नाही.
तिसाव्या दिवशी माझी गाडी पंक्चर झाली
आणि ती बाटली राहिली.

त्रेचाळिसाव्या दिवसाची बाटली
दलशेरने उन्हात धरली, फिरवली, हलवली.
"काय व माय, हे तं नुसतं पानी."

जळगावला यंत्राने ती पाहिली.
यंत्राला तिच्यात
किंचित, फार किंचित, पोपटी दिसलं.

मी वहीत लिहिलं: शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य तीन.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
मग रिकामी बाटली धुऊन
उद्याची तारीख चिकटवली.