वीस तेत्री

मी काही भली बाई नाही.
ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत विचारा कुणालाही,
त्सियालाचं नाव काढलं की
लोक आधी जिन्याकडे बघतात,
मी ऐकत तर नाही ना म्हणून.

नऊ मजले, एक लिफ्ट.
लिफ्टमध्ये पत्र्याची पेटी, पेटीला फट.
वीस तेत्रीचं नाणं पोटात गेल्याशिवाय
ती कुणाच्या बापाला वर नेत नाही.
नाणं नसेल तर पाय आहेत.

सातव्या मजल्यावरच्या झाउरीचे पाय
हल्ली मला भिंतीतून ऐकू येतात.
मी तिसऱ्यावर, जिना माझ्या उशाशी.
दोन पायऱ्या, थांबणं.
दोन पायऱ्या, थांबणं.
मग खोकला,
रिकामा डबा कुणी फरशीवरून ओढत न्यावा तसा.
त्याची पेन्शन औषधाच्या दुकानापलीकडे पोचत नाही
हे सगळ्या इमारतीला ठाऊक.

खोटं कशाला बोलू,
पहिल्या रात्री बरं वाटलं मला.
याच झाउरीने अंगणातली तुती तोडली,
माझ्या नवऱ्याने लावलेली,
आणि तिथे लोखंडी गॅरेज उभं केलं.
गाडी केव्हाच विकली त्याने. गॅरेज गंजतंय.
अकरा वर्षं आम्ही एकमेकांना
भिंत बघावी तसे बघतो.
त्या रात्री मी त्याच्या पायऱ्या मोजल्या,
सावकाराने व्याज मोजावं तशा.

पण मोजता मोजता ट्रॅम आठवली.
चोवीस वर्षं मी ट्रॅमवर तिकिटं फाडली.
एका जानेवारीत एका पोराला खाली उतरवलं होतं,
पैसे नव्हते त्याच्याकडे.
नियमानेच उतरवलं, माझं काही चुकलं नव्हतं.
काचेवरची वाफ पुसून मागे पाहिलं
तर तो तिथेच,
एका हातात मोजा, दुसरा हात काखेत.
ट्रॅम बंद झाल्या, रूळ उपटले, वर डांबर पडलं.
तो अजून उतरलेलाच आहे.

सोमवारी पेटीच्या डोक्यावर एक नाणं ठेवलं.
मंगळवारी तुती आठवली, नाही ठेवलं.
बुधवारी पाव आणायला निघाले
तर हात आपसूक खिशात गेला,
मी त्याला दटावलं,
तरी गेला.

सायकल एकदा शिकलं की विसरत नाही म्हणतात.
हे तसं नाही.
हे रोज रात्री विसरायला होतं,
रोज सकाळी चपला घालताना
पहिल्यापासून शिकावं लागतं,
आणि सकाळी माझे गुडघे दुखतात.

दोनदा ते नाणं आठव्यावरच्या कार्ट्यांनी लांबवलं.
जिन्यात उभी राहून सात पिढ्यांचा उद्धार केला मी त्यांच्या.
मग दोन नाणी ठेवू लागले,
एक चोरांसाठी.

पुढे काही रात्री उशाशी पायरी वाजली नाही.
लिफ्टची घरघर तेवढी ऐकू यायची, वर वर जाताना.
मी कूस बदलायचे.

काल संध्याकाळी बटाट्याची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले
आणि दार बंद होता होता तो आत आला.
टोपी, औषधाची पुडी, तोच खोकला.
मी छतातल्या दिव्याकडे बघत राहिले.
त्याने पेटीवरचं नाणं उचललं,
बोटात जरा फिरवलं,
जसं त्यावर कुणाचं नाव असेल,
आणि फटीत टाकलं.
मग आधी तीनचं बटण दाबलं,
नंतर सातचं.

अकरा वर्षांत
माझा मजला विसरला नव्हता मेला.

एक शब्द बोललो नाही.
तिसऱ्यावर दार उघडलं,
त्याने पाय आडवा घालून ते धरून ठेवलं,
बटाट्याची पिशवी बाहेर येईपर्यंत.

कुणी उगाच गैरसमज करून घेऊ नये.
तुती मी माफ केलेली नाही.
तुती वेगळी, नाणं वेगळं.
आज सकाळी पाकीट उलटं केलं,
सुटे संपलेत.
पाववाल्याकडून मोड आणायला हवी.