दुसरी बाटली

कुदर्ना कमरेचं हाड बदलून घ्यायला गेले
आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली.
ओलोमोउत्स, सहावा मजला, माझ्या डोक्यावरचंच घर:
एकशेऐंशी लिटर पाणी, चौदा मासे, एक वही.

वही मी मागून चाळली.
दर रविवारी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य.
इतकी शून्यं इतक्या अभिमानानं
कुणी जपलेली पाहिली नव्हती.
मध्येच निळी शाई सोडून काळीत एखादी ओळ:
"नवे निऑन आठ. बुधवारपर्यंत सगळे गेले. दुकानदार लबाड."
दोन वर्षांनी: "नवे सहा. दुकान बदललं. हाही लबाड."
जुने मात्र ठणठणीत.

रविवारी बेकरीतून आले ती थेट वर.
हात नुसत्या पाण्यानं धुतले
(साबण नको, असं वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलंय),
नळी रेघेपर्यंत भरली,
पहिल्या बाटलीचे दहा थेंब टाकले.
दुसऱ्या बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं:
अर्धा मिनिट जोरात हलवा.

आता जोरात म्हणजे किती?
मी पहाटे तीनपासून पिठाचे गोळे आपटणारी बाई.
बाटली टेबलाच्या कडेवर आपटली, आपटली,
आणि आत काहीतरी सुटलं,
तळाशी बसलेलं, खडीसाखरेसारखं.
दहा थेंब. पाच मिनिटं.

लाल.
पिवळं नाही, नारिंगी नाही,
बीटाच्या कढासारखं लाल,
तक्त्यावरचा शेवटचा चौकोनही त्यापुढे फिका.

चार दिवसांत मी काय केलं या माशांचं?
खाणं जास्त पडलं? दगडाखाली कुणी मेलंय?
मोजले. चौदा.
दिवा पिवळा म्हणून नळी खिडकीशी नेली;
बाहेर बर्फाचा उजेड, तरी लाल.
नळाचं पाणी तपासलं: पिवळं, निर्दोष.
पीएच पाहिला: सहाच्याही खाली.
आणि एवढ्या आंबलेल्या पाण्यात नायट्रेट शून्य?
कुणीतरी खोटं बोलत होतं,
आणि ते कुणी माणूस नव्हतं.

वही पुन्हा घेतली, या वेळी पहिल्या पानापासून.
तिथे दहा होते, वीस होते, एकदा चाळीस,
आणि लगेच खाली: "पाणी बदललं."
मग अक्षर वाकत गेलं
आणि आकडे सुधारत गेले.
गेल्या हिवाळ्यात तर शून्यसुद्धा मिटत नव्हतं,
वर फट राहायची.
ती बोटं झाकण तरी कशी फिरवत असतील.

सगळं पाणी त्याच रात्री उपसावंसं वाटलं.
पण जुने मासे त्यातच म्हातारे झालेले;
एकदम चांगलं पाणी त्यांना सोसलं नसतं.
म्हणून रोज एक बादली काढायची, एक घालायची,
शेजाऱ्याशी अबोला सोडावा तशी, हळूहळू.

वहीत काय लिहायचं, यात तीन दिवस गेले.
शून्य लिहिलं असतं तरी मासे बोलणार नव्हते.
शेवटी पेन्सिलीनं लिहिलं: एकशेसाठ.
पुढच्या रविवारी एकशेवीस. मग ऐंशी. मग साठ.
कारण कुठेच लिहिलं नाही.

मार्चमध्ये ते आले, काठी टेकत.
पाण्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं,
मला घरच्या काकड्यांच्या लोणच्याची बरणी दिली
आणि म्हणाले, लिफ्ट अजून तशीच कुरकुरते.
बस, एवढंच.

रविवारी दुपारी डोळा लागला होता,
तर वरून
ठक. ठक. ठक.
काठी नव्हे. काठी एवढ्या घाईनं पडत नाही.
मी छताकडे बघत मोजायला लागले.
सतरावर थांबलं.
बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा सुरू झालं.